एक नाव, दोन धनी

२०१० सालच्या सप्टेंबरच्या अखेरीस रेड हॅटच्या बगझिलावर एक तक्रार नोंदवली गेली. फेडोरा १४ अजून प्रसिद्ध व्हायचं होतं. ते आधीच वापरून पाहणाऱ्याला फ्लॅशवर चालणाऱ्या संकेतस्थळांवरची गाणी विचित्र, खरखरीत ऐकू येत होती. साउंड कार्ड ठीक होतं, ड्रायव्हर ठीक होता, इतर सगळीकडे आवाज स्वच्छ होता.

कारण सापडलं ते ध्वनीपासून फार दूर, सी भाषेच्या मूळ लायब्ररीत. जीलिबसी या लायब्ररीत ‘मेमकॉपी’ नावाचं फंक्शन आहे. मेमरीतल्या एका जागेवरचे बाइट दुसऱ्या जागी नकलायचे, एवढंच त्याचं काम. इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर ते वेगाने व्हावं म्हणून त्याचं नवं रूप आलं होतं आणि ते काही प्रोसेसरांवर बाइट शेवटाकडून सुरुवातीकडे नकलत होतं. सी भाषेच्या प्रमाणानुसार यात काहीच गैर नव्हतं. ‘मेमकॉपी’ला दिलेल्या दोन जागा एकमेकींवर आलेल्या असता कामा नयेत, असा नियमच आहे, तशा जागांसाठी ‘मेममूव्ह’ हे वेगळं फंक्शन आहे. अडोबीच्या ६४ बिटी फ्लॅश प्लगइनने हा नियम पाळलेला नव्हता. जुनं ‘मेमकॉपी’ सुरुवातीकडून शेवटाकडे नकलत असल्याने इतके दिवस ती चूक खपून गेली होती.

दोष कोणाचा यावर बरीच वादावादी झाली. लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्यात उतरले. नियम काहीही असो, लोकांचा चालता प्रोग्राम बंद पडला ही त्यांची हरकत होती. पण ते हरकतीवर थांबले नाहीत. त्यांनी ‘मेमकॉपी’ याच नावाचं एक साधं फंक्शन लिहिलं, त्याची छोटीशी शेअर्ड लायब्ररी केली आणि ‘एलडी प्रीलोड’ या सोयीने ती ब्राउझरच्या आधी मेमरीत चढवली. आवाज सुधारला. ना अडोबीचा प्रोग्राम बदलला, ना जीलिबसीची एक ओळ.

त्या ब्राउझरमध्ये आता ‘मेमकॉपी’ नावाची दोन फंक्शनं एकाच वेळी हजर होती, एक टोरवाल्ड्स यांचं आणि एक जीलिबसीचं. फ्लॅश प्लगइनने नाव घेतलं आणि त्याला पहिलं मिळालं. कोणी अडवलं नाही, साधी सूचनासुद्धा उमटली नाही.

प्रोग्रामिंग शिकलेल्या माणसाला याचं नवल वाटायला हवं, कारण शिकताना अनुभव नेमका उलटा येतो. दोन सी फाइलींत एकाच नावाचं फंक्शन लिहा आणि दोन्ही जोडायला जा. लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून काम थांबवतो. इथे त्याची शिस्त कडक असते. कंपायलरने बनवलेल्या प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलसोबत सिम्बॉलची यादी असते: ही नावं माझ्याकडे आहेत, ही नावं मला दुसरीकडून हवी आहेत. लिंकर या याद्यांचा मेळ घालतो. एक नाव दोघांनी ‘माझं’ म्हणून सांगितलं तर निवाडा करायचा अधिकार तो स्वतःकडे घेत नाही. सवलत एवढीच, की एखादी व्याख्या ‘वीक’ म्हणून नोंदवली असेल तर ती दुसऱ्या पक्क्या व्याख्येपुढे माघार घेते. सी मध्ये आणखी एक जुनी सवलत होती. आरंभीची किंमत न देता जाहीर केलेलं ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाइलींत असलं, तरी लिंकर ती सगळी मिळून एकच धरत असे. २०२० च्या जीसीसी १० ने ही सवलत मूळ मांडणीतून काढून टाकली आणि कितीतरी जुने प्रोग्राम त्या दिवशी पहिल्यांदा लिंकरकडे अडले.

स्टॅटिक लायब्ररी आली की शिस्त थोडी सैल होते. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचा बांधलेला गठ्ठा. लिंकर त्यातली प्रत्येक फाइल घेत नाही. त्या क्षणापर्यंत जी नावं हवी असून मिळालेली नाहीत, ती ज्या फाइलीत असतील तेवढ्याच तो उचलतो. समजा, तुम्ही तुमच्या प्रोग्राममध्ये स्वतःचं ‘मॅलॉक’ लिहिलं. सी लायब्ररीपाशी पोहोचेपर्यंत ‘मॅलॉक’ची गरज भागलेली असते, म्हणून लायब्ररीतली ‘मॅलॉक’ची फाइल उचललीच जात नाही. लायब्ररीतली जी फंक्शनं आतून ‘मॅलॉक’ला हाक मारतात, तीही मग तुमच्याच ‘मॅलॉक’कडे येतात. जुन्या युनिक्स प्रोग्रामरांना ही युक्ती पाठ होती आणि ते तिच्यावर विसंबून होते.

पुढचं सगळं या सवयीतून निघालं. १९८७ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांनी सनओएससाठी शेअर्ड लायब्ररींची रचना युझनिक्सच्या परिषदेत मांडली आणि १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये ती लोकांच्या हाती आली. लायब्ररीची एकच प्रत मेमरीत राहावी, सगळ्या प्रोग्रामांनी ती वाटून घ्यावी, आणि हे करताना जुन्या प्रोग्रामांच्या सोर्सला हात लावावा लागू नये, अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे स्वतःचं ‘मॅलॉक’ आणणाऱ्याची युक्ती शेअर्ड लायब्ररीतही चालायला हवी. पण शेअर्ड लायब्ररी हा एकसंध तुकडा असतो. त्यातली एक फाइल वगळून बाकीच्या घ्यायची सोय नाही. लायब्ररीतलं ‘मॅलॉक’ मेमरीत येणारच. मग ते तिथे असूनही त्याच्याकडे कोणी जाऊ नये, अशी व्यवस्था करावी लागली. पुढे सिस्टिम फाइव्ह रिलीज ४ सोबत आलेल्या ईएलएफ या फाइल-रचनेत तोच नियम राहिला. १९९० च्या दशकाच्या मध्यात लिनक्सने ईएलएफ स्वीकारली आणि नियमही घेतला.

नियम एका वाक्यात सांगता येतो: शोधाच्या क्रमात जे नाव आधी सापडेल तेच सगळ्यांचं. सुरुवातीला खुद्द प्रोग्राम, मग ‘एलडी प्रीलोड’ने चढवलेल्या लायब्ररी, मग प्रोग्रामने ज्या क्रमाने मागितल्या त्या क्रमाने बाकीच्या, आणि त्यांच्या नंतर त्या लायब्ररींना लागणाऱ्या लायब्ररी. हवं असलेल्या नावाच्या नोंदीत ‘कोणत्या लायब्ररीतलं’ हा रकानाच नसतो. सगळी वाडी सावंतांची आहे, पाकिटावर फक्त ‘सावंत’ एवढंच लिहिलं आहे, आणि पोस्टमन रस्त्यात पहिल्यांदा लागणाऱ्या सावंतांच्या घरी पत्र टाकून मोकळा होतो, तसं हे आहे. पक्की व्याख्या आणि वीक व्याख्या हा भेदही इथे संपतो. प्रोग्राम चालताना शेअर्ड लायब्ररी जोडणारा जीलिबसीचा डायनॅमिक लिंकर गेली पंचवीसेक वर्षं पहिली सापडलेली व्याख्या घेतो, मग ती वीक का असेना.

हे प्रत्यक्ष कसं घडतं ते एका उदाहरणात पाहू. ‘चित्र’ आणि ‘ध्वनी’ अशा दोन शेअर्ड लायब्ररी आहेत, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या. दोघांनाही आपापल्या आतल्या कामासाठी ‘रीसेट’ नावाचं छोटं फंक्शन लागलं आणि दोघांनीही ते लिहिलं. प्रोग्राम दोन्ही वापरतो आणि जोडताना ‘चित्र’ आधी, ‘ध्वनी’ नंतर आहे. लिंकर कुरकुर करत नाही. प्रोग्राम सुरू होतो. काही वेळाने तो ‘ध्वनी’तल्या ‘थांबवा’ या फंक्शनला हाक मारतो आणि ‘थांबवा’ आपल्याच लायब्ररीतल्या ‘रीसेट’ला हाक मारतं.

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ‘थांबवा’ आणि ‘रीसेट’ एकाच लायब्ररीत आहेत, एकाच माणसाने एकाच दुपारी लिहिलेली आहेत, पण ‘रीसेट’ सर्वांना दिसणारं नाव असल्यामुळे कंपायलर थेट उडी लिहीत नाही. ती हाक पीएलटी नावाच्या एका छोट्या तुकड्यातून जाते. तो तुकडा जीओटी या पत्त्यांच्या तक्त्यात पाहतो. पहिल्या हाकेला तिथे खरा पत्ता नसतो, तर डायनॅमिक लिंकरकडे जायची वाट असते. डायनॅमिक लिंकर ‘रीसेट’ हे नाव घेऊन शोधायला निघतो: प्रोग्राममध्ये नाही, ‘चित्र’मध्ये आहे. शोध संपला. ‘ध्वनी’पर्यंत तो पोहोचतही नाही. ‘चित्र’मधल्या ‘रीसेट’चा पत्ता ‘ध्वनी’च्या तक्त्यात लिहिला जातो आणि त्यानंतरची प्रत्येक हाक सरळ तिकडे जाते. ‘ध्वनी’चं स्वतःचं ‘रीसेट’ मेमरीत पडून राहतं आणि कधीच चालत नाही. गाणं थांबवायला गेलं की चित्र पुसलं जातं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. ‘एलडी डीबग’ या चलाला ‘बाइंडिंग्ज’ अशी किंमत देऊन प्रोग्राम चालवला, की कोणती फाइल कोणत्या नावासाठी कुठे बांधली गेली हे ओळीओळीने छापलं जातं. त्यात ‘ध्वनी’चं ‘रीसेट’ ‘चित्र’शी बांधल्याची ओळ सापडते. असा घोळ शोधायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही, आणि ते जीलिबसी असलेल्या प्रत्येक लिनक्स यंत्रावर आधीपासून असतं.

व्हेरिएबलच्या बाबतीत प्रकरण आणखी अवघड होतं. सी प्लस प्लस मध्ये लिहिलेली एक स्टॅटिक लायब्ररी घ्या, जिच्यात एक ग्लोबल ऑब्जेक्ट आहे. समजा नोंदी ठेवणारं. दोन वेगळ्या शेअर्ड लायब्ररींनी ती आपापल्या पोटात घेतली. आता ऑब्जेक्टसाठी दोन जागा राखलेल्या आहेत, पण नाव एकच, त्यामुळे दोन्ही लायब्ररींतला मजकूर पहिल्या जागेकडे बोट दाखवतो. सुरुवातीला प्रत्येक लायब्ररी आपला कन्स्ट्रक्टर चालवते: एकाच जागेवर दोनदा. पहिल्याने घेतलेली मेमरी दुसऱ्याच्या हातून हरवते. प्रोग्राम दिवसभर बिनबोभाट चालतो आणि बंद होताना दोन्ही लायब्ररी आपापला डिस्ट्रक्टर चालवतात, पुन्हा त्याच जागेवर. एकच मेमरी दोनदा परत केली जाते आणि पडद्यावर ‘डबल फ्री’ची तक्रार उमटून प्रोग्राम कोसळतो. सगळं काम आटोपल्यावर, बाहेर पडताना होणारी अशी पडझड दिसली तर पहिला संशय नावाच्या दोन प्रतींवर घ्यावा.

नाव एक, काम एक, पण मांडणी वेगळी असेल तर काय होतं याचं ठळक उदाहरण गणिती संगणनात आहे. मॅट्रिक्सचा गुणाकार करणारं ‘डीजेम’ हे फंक्शन बीएलएएस या प्रमाणात ठरलेलं आहे आणि तेच नाव अनेक लायब्ररी वापरतात. त्यांतल्या काही ३२ बिटी पूर्णांक घेतात, काही ६४ बिटी. मॅट्रिक्सची मापं फोर्ट्रानच्या रिवाजाने पत्त्याने दिली जातात. हाक मारणाऱ्याने चार बाइटांचं माप ठेवलं आणि पलीकडचं फंक्शन तिथून आठ बाइट वाचायला लागलं, की शेजारच्या मेमरीतला कचरा मापात मिसळतो. ज्युलिया भाषेच्या निर्मात्यांनी यावर उपाय म्हणून आपल्या ओपनब्लासमधल्या प्रत्येक नावाच्या शेवटी ‘६४_’ जोडलं. नंपायच्या तयार वितरणातही तीच खूण दिसते. झेडलिब ही तर असंख्य प्रोग्रामांच्या पोटात असलेली लायब्ररी. तिच्यातही सगळ्या नावांपुढे उपसर्ग लावून बांधायची सोय ठेवलेली आहे.

इतर घराण्यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. विंडोजमध्ये आयात केलेल्या प्रत्येक नावासोबत ते कोणत्या डीएलएलमधून हवं आहे हे लिहिलेलं असतं. मॅक ओएस एक्सने २००१ च्या १०.१ आवृत्तीपासून दोन पातळ्यांची नावं आणली, तिथेही नावाबरोबर लायब्ररी नोंदवली जाते. ‘ध्वनी’चं ‘रीसेट’ तिथे ‘ध्वनी’तच राहतं. पण दोन्ही प्रती जिवंत राहिल्या की वेगळी अडचण येते. विंडोजमध्ये दोन डीएलएल सी लायब्ररीच्या वेगळ्या प्रतींशी जोडलेल्या असल्या, की एकीतल्या ‘मॅलॉक’ने घेतलेली मेमरी दुसरीतल्या ‘फ्री’ने परत करता येत नाही, केली तर प्रोग्राम कोसळतो. सी प्लस प्लस ला तर काही गोष्टींची एकच प्रत असणं आवश्यकच असतं. टेम्प्लेट आणि इनलाइन फंक्शनं ती वापरणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीत उमटतात, त्यांतली स्टॅटिक व्हेरिएबलं मात्र सगळ्या प्रोग्राममध्ये मिळून एकच असावी लागतात. ‘पहिलं सापडेल ते सगळ्यांचं’ हा नियम तिथे फार उपयोगी पडतो. प्लगइनसारख्या, मागाहून आणि खाजगीत चढवलेल्या लायब्ररींत तोही पुरत नाही, म्हणून ग्नूच्या साधनांत ‘युनिक’ असा सिम्बॉलचा खास प्रकार आला. त्याची किंमत अशी, की असा सिम्बॉल पुरवणारी लायब्ररी पुन्हा मेमरीतून उतरवता येत नाही.

म्हणून एका नावाचे दोन धनी होऊ देणं हीच चूक, असं मी म्हणणार नाही. जेमॅलॉकसारखे मेमरी-वाटप करणारे पर्याय याच मोकळिकीवर चालतात. डेबियनमधलं फेकरूट साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार असल्याचा आभास निर्माण करून पॅकेज बांधू देतं, तेही सी लायब्ररीतली नावं अशीच आधी अडवून. सुरक्षेची चौकट तेवढी पाळली आहे: जो प्रोग्राम चालवणाऱ्यापेक्षा जास्त अधिकार घेऊन चालतो, त्याच्यात अशी मनमानी लायब्ररी घुसवता येत नाही. चूक आहे ती मूळ मांडणीत. ईएलएफमध्ये लायब्ररीतलं प्रत्येक ग्लोबल नाव, न सांगता, साऱ्या जगाला दिसतं. विंडोजमध्ये नाव बाहेर न्यायचं तर तसं लिहून द्यावं लागतं. या एका बाबतीत विंडोजची रीत सरस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय ही मोकळीक फुकट मिळत नाही. कोणीही कधीही मध्ये येऊ शकतो म्हणून जीसीसीला लायब्ररीतल्या स्वतःच्याच दिसणाऱ्या फंक्शनांचा मजकूर हाकेच्या जागी उतरवता येत नाही. प्रत्येक हाक पीएलटीमधून जाते. २०२० च्या फेडोरा ३२ मध्ये पायथनची शेअर्ड लायब्ररी बांधताना कंपायलरला सांगण्यात आलं, की या लायब्ररीच्या आतल्या नावांमध्ये कोणी येणार नाही असं धरून चाल. कामाच्या प्रकारानुसार ५ ते २७ टक्के वेग वाढला. पायथनच्या मजकुरात एकही ओळ बदललेली नव्हती.

उपाय जुने आहेत आणि हाताशी आहेत. एकाच फाइलीत लागणारं फंक्शन ‘स्टॅटिक’ लिहावं. बाकीच्यासाठी कंपायलरला सगळ्या नावांची दृश्यता ‘हिडन’ धरायला सांगावं आणि बाहेर द्यायची नावं तेवढी हाताने उघडावीत. हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो, कारण लपवलेल्या नावाशी टक्कर होतच नाही आणि हाकही थेट जाते. लिंकरचा ‘बी सिम्बॉलिक’ हा पर्याय लायब्ररीच्या आतल्या हाका आतच बांधतो. त्याने ‘ध्वनी’चा घोळ मिटतो, पण एकाच व्हेरिएबलच्या दोन प्रती जिवंत राहण्याचा धोका असतो, म्हणून तो फक्त फंक्शनांपुरता वापरावा.

नावाला आवृत्ती जोडणं हा त्याहून वरचा उपाय, आणि जीलिबसीने ‘मेमकॉपी’चा वाद त्यानेच मिटवला. २०११ च्या २.१४ आवृत्तीत ६४ बिटी यंत्रांसाठी ‘मेमकॉपी’ची दोन रूपं एकाच लायब्ररीत ठेवली गेली. जुन्या प्रोग्रामांनी मागितलेलं, २.२.५ ची खूण असलेलं ‘मेमकॉपी’ गुपचूप ‘मेममूव्ह’सारखं वागतं, २.१४ ची खूण असलेलं नवं रूप नव्याने बांधलेल्या प्रोग्रामांना मिळतं. नाव एक, धनी दोन, पण कोणी कोणाकडे जायचं हे लिहून ठेवलेलं. नव्या यंत्रावर बांधलेला प्रोग्राम जुन्या सर्व्हरवर नेला की ‘जीलिबसी २.१४ सापडत नाही’ अशी तक्रार अनेकांनी पाहिली असेल. ती कित्येकदा याच एका फंक्शनपायी येते.

तुम्ही शेअर्ड लायब्ररी लिहीत असाल तर आजच एक काम करा. ‘एनएम’ हे साधन ‘डी’ पर्यायासह आपल्या लायब्ररीवर चालवा आणि बाहेर दिसणारी नावं वाचून काढा. ‘इनिट’, ‘लॉग’, ‘एरर’, ‘रीसेट’ अशी कोणालाही सुचतील अशी नावं आधी शोधा. मग ती यादी आपल्या मॅन्युअलमधल्या फंक्शनांशी ताडून पाहा. जे नाव मॅन्युअलमध्ये नाही, ते बाहेर दिसायचं काही कारण नाही.